धूलिशोषक यंत्र आपोआप थांबते तेव्हा

(ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्या शिबिरात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेतील आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे धूळ ओढून घेणारे झाडलोटीचे यंत्र. त्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय बोलणारा मनुष्य कलाशाखेचा पदवीधर, प्रसिद्धी खात्यातला. मोटर उघडून दुरुस्त करणे हा माझा अधिकार नव्हे आणि तसा आवही मी आणणार नाही. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला, त्याला एक कारण आहे आणि ते मला फारसे भूषणावह नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे अभिलेखांची एक मोठी खोली होती. आपल्या गोव्याचा पावसाळा आपण जाणता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कागदावर बुरशी धरते, भिंतीला ओल येते, कपाटाच्या तळाशी चिकट धुळीचा थर साचतो. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर भिंती खरवडून त्यांना नवा चुना दिला गेला आणि त्याच सुमारास कार्यालयासाठी एक धूलिशोषक यंत्र खरेदी झाले. खोली स्वच्छ करण्याचे काम एका शिपायाकडे सोपवले. पहिले दोन दिवस यंत्र उत्तम चालले. तिसऱ्या दिवशी ते दहाबारा मिनिटे चालून एकाएकी बंद पडले, तासाभराने पुन्हा सुरू झाले, पुन्हा बंद पडले. यंत्र निकृष्ट आहे असा शेरा फाईलवर पडला. मग बाजारातून एक कारागीर आला. त्याने यंत्र उघडले, आतली नखाएवढी एक वस्तू काढून टाकली, दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि यंत्र अखंड चालू झाले. सर्वांनी त्याच्या हुशारीचे कौतुक केले. त्यांत मीही होतो.

चौथ्या दिवशी यंत्रातून धूर निघाला. खिडकीजवळच्या शिपायाने प्रसंगावधान राखून प्लग खेचला म्हणून आग लागली नाही. मात्र घाईत ओतलेल्या पाण्याने कागदांचे दोन गठ्ठे भिजले. सरकारी मालमत्तेचे नुकसान झाले, तेव्हा कोणाला तरी जाब विचारणे आले. त्या शिपायाला ज्ञापन देण्यात आले आणि त्यावर सही माझी होती. त्याने चार ओळींचा खुलासा दिला. यंत्र तापण्याच्या आधी दोनदा त्याचा आवाज बारीक झाला होता, आपण ते शाखेत जाऊन सांगितले होते, पण काम थांबवू नये असे आपल्याला सांगण्यात आले, एवढाच त्यात मजकूर होता. ‘आवाज बारीक होणे’ हे कारण मला हास्यास्पद वाटले. खुलासा असमाधानकारक, असा शेरा मी मारला आणि मोटरीची किंमत त्याच्या वेतनातून तीन हप्त्यांत वसूल झाली.

पुढे काही महिन्यांनी ती जळकी मोटर एका जाणत्या दुरुस्तीकाराने माझ्यासमोर उघडली. त्याने प्रथम मोटरीला हातच लावला नाही. त्याने यंत्राची पिशवी बाहेर काढली. तिच्या आतल्या अंगाला चुन्याचा बारीक थर लिंपल्यासारखा बसला होता. फुंकर मारली तरी पलीकडे हवा जाईना. मग त्याने मला जे समजावून सांगितले, तेच आज मी आपल्यासमोर माझ्या भाषेत मांडणार आहे.

या यंत्राच्या जन्मापासून त्यात एक विरोध दडलेला आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने हवा ओढून धूळ काढणारे यंत्र बनवले. त्यापूर्वीची काही यंत्रे धूळ फुंकून उडवीत असत. उडवण्याऐवजी ओढून घेतली तर काय होईल हे पाहण्यासाठी बूथने म्हणे एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचे वर्तुळ उमटले. या प्रयोगात खोकल्याची उबळ येऊन त्याचे हाल झाले असणार, पण कल्पना सिद्ध झाली. त्याचे यंत्र इतके मोठे होते, की ते घोडागाडीवर लादून दारापर्यंत आणीत आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडीत. १९०२ साली राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर या दम्याने पीडित असलेल्या सफाई कामगाराने उशीचा अभ्रा, झाडूचा दांडा आणि एक लहान विजेची मोटर एकत्र करून हातात धरण्याजोगे यंत्र तयार केले. त्याला १९०८ साली पेटंट मिळाले. झाडणाऱ्या माणसाला झाडण्याचा त्रास होत होता, त्यातून हे यंत्र निघाले, ही गोष्ट मला बूथच्या घोडागाडीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

रुमाल असो, अभ्रा असो की आजची कागदी पिशवी असो, तिने धूळ अडवली पाहिजे आणि हवा अडवता कामा नये. पण धूळ अडवली की ती कापडाच्या छिद्रांतच बसते, आणि छिद्रे बुजली की हवाही अडते. म्हणजे यंत्र आपले काम जितके चोख करील तितके ते स्वतःचा श्वास कोंडून घेईल. यातून सुटका नाही. पिशवी बदलणे, गाळणी धुणे हा म्हणून देखभालीचा वरवरचा भाग नसून यंत्राच्या कामाचाच भाग आहे.

आता मोटरीकडे वळू. स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्सने १९२१ साली जमिनीवर ओढत नेण्याचे आडव्या नळकांड्यासारखे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडील घरांत आणि कार्यालयांत दिसणारी बहुतेक यंत्रे त्याच कुळातली आहेत. त्यांत पुढे तोंड, मग नळी, मग पिशवी, पिशवीच्या मागे एक पातळ गाळणी, तिच्यामागे पंखा आणि शेवटी मोटर अशी रचना असते. गाळून स्वच्छ झालेली हवा मोटरीच्या गुंडाळ्यांवरून वाहत मागच्या जाळीतून बाहेर पडते. जी हवा धूळ ओढून आणते तीच मोटरीला थंडही ठेवते. ही युक्ती फार सुंदर आहे. वेगळा शीतक पंखा लागत नाही, यंत्र हलके होते. पण एकाच हवेवर दोन कामे सोपवल्यामुळे ती हवा अडली की दोन्ही कामे एकदम बिघडतात.

या मोटरी लहान असतात, पण त्यांचा वेग विलक्षण असतो. मिनिटाला वीस ते पस्तीस हजार फेरे हा त्यांचा नित्याचा व्यवहार. आपल्या छताचा पंखा मिनिटाला साधारण तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो, यावरून कल्पना करावी. एवढ्या वेगाने फिरणारी आणि मुठीत मावणारी वस्तू हजार वॅट वीज खात असेल, तर तिच्यातून निघणारी उष्णता कोठे तरी गेलीच पाहिजे.

शिक्षकमित्रांना येथे एक हिशेब देतो; नववी-दहावीच्या वर्गात तो फळ्यावर मांडता येईल. समजा, यंत्र हजार वॅटचे आहे आणि पिशवी रिकामी असताना त्यातून दर सेकंदाला तीस लिटर हवा जाते. एक लिटर हवेचे वजन सुमारे सव्वा ग्रॅम. म्हणजे तीस लिटरचे छत्तीस-सदतीस ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंश तापवायला जवळजवळ एक ज्यूल उष्णता लागते. हजाराला छत्तिसाने भागले तर उत्तर येते सुमारे अठ्ठावीस. खोलीत बत्तीस अंश तापमान असेल तर मागच्या जाळीतून साठ अंशांची हवा बाहेर येईल. हाताला ती चांगलीच उष्ण लागते, पण मोटरीला ती सोसते. आता पिशवी चुन्याने भरली आणि हवा एकपंचमांश राहिली, म्हणजे सेकंदाला सहा लिटर. अशा वेळी मोटर वीजही थोडी कमी घेते, त्याचे कारण पुढे सांगतो. सातशे वॅट धरू. तेवढी उष्णता सात ग्रॅम हवेने वाहून न्यायची म्हटल्यास हवेचे तापमान जवळजवळ शंभर अंशांनी चढेल. खोलीतले बत्तीस त्यात मिळवले तर एकशेतीस झाले. ही झाली बाहेर पडणाऱ्या हवेची गोष्ट. आतली तांब्याची तार त्याहून तप्त असणार.

त्या तारेवर मुलाम्यासारखा एक पातळ लेप असतो. तो विजेला एका फेऱ्यातून शेजारच्या फेऱ्यात उडी मारू देत नाही. या लेपांचे उष्णता सोसण्यानुसार वर्ग ठरलेले आहेत. ‘बी’ वर्गाची मर्यादा १३० अंश सेल्सिअस, ‘एफ’ वर्गाची १५५. मर्यादेपलीकडे दर दहा अंशांच्या वाढीमागे लेपाचे आयुष्य अर्धे होते असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. लेप करपला की तारा एकमेकींना भिडतात, आणि मग जो वास येतो तो ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

येथे कोणी विचारील, की घरात फ्यूज आहे, आता तर सर्वत्र एम.सी.बी. बसवले आहेत, ते कशासाठी? याच प्रश्नाशी माझी समजूत इतकी वर्षे अडली होती. यंत्र गुदमरले म्हणजे त्याला जास्त जोर लावावा लागत असेल, ते जास्त वीज खेचत असेल आणि फ्यूज उडेल, असे मी धरून चाललो होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पंख्याचे काम हवा ढकलण्याचे. ढकलायला हवाच उरली नाही तर पंख्यावरचा भार हलका होतो. भार हलका झाला की मोटर अधिक वेगाने फिरते आणि वीज कमी घेते. हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे सव्वाचार अँपिअर प्रवाह घेते. गुदमरलेले यंत्र त्याहून कमी. भिंतीवरचा सोळा अँपिअरचा एम.सी.बी. हे सारे स्वस्थपणे पाहत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने सर्व क्षेम आहे. त्याला प्रवाह मोजता येतो. उष्णता आणि हवा यांची त्याला काही खबर नसते.

आणि वेग वाढला की आवाजाची पट्टी चढते. मोठा, भरदार घरघराट जाऊन त्याच्या जागी उंच, बारीक सूर लागतो. आमच्या शिपायाने कानाने जे टिपले होते ते असे होते. त्याला वॅट आणि अँपिअर ठाऊक नव्हते, पण यंत्राशेजारी तो होता, आणि मी नव्हतो.

बागायतदार मंडळी येथे बसली आहेत, त्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. कुळागराला पाणी देणारा सेंट्रिफ्युगल पंप चालू असताना पुढची झडप बंद केली तर पंपावरचा भार वाढत नाही, उतरतो. म्हणून तर असा पंप सुरू करताना झडप मिटून ठेवण्याची रीत आहे. पण झडप तशीच मिटलेली ठेवून पंप चालू ठेवला, तर आतले पाणी घुसळून घुसळून कढत होते. विंधन विहिरीतील पाणबुडी पंपाचे उदाहरण याहूनही जवळचे आहे. त्याची मोटर सभोवतालच्या वाहत्या पाण्याने थंड राहते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी खाली गेले की अँपिअरचा काटा खाली येतो, पंप सुखाने चालला आहे असे अनोळखी माणसाला वाटते, आणि संध्याकाळपर्यंत मोटर रिवाइंडिंगला न्यावी लागते. म्हणून त्या पंपांच्या पेटीत प्रवाह फार कमी झाला तरी मोटर बंद करणारे साधन बसवतात. पंपाला पाणी आणि धूलिशोषकाला हवा, एवढाच फरक.

तेव्हा फ्यूजला जे दिसत नाही ते पाहणारा पहारेकरी मोटरीच्या अंगावरच बसवावा लागतो. कारागिराने काढून टाकलेली नखाएवढी वस्तू हाच तो पहारेकरी. इस्त्रीच्या पोटात असते त्याच जातीचा तो असतो. दोन निरनिराळ्या धातूंची पातळ पट्टी एकमेकींना पाठीशी पाठ लावून घट्ट जोडलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त लांबतो, दुसरा कमी. जोडलेले असल्यामुळे दोघांनाही सरळ राहता येत नाही आणि पट्टी वाकते. ही कल्पना काही आजची नाही. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढेमागे होऊ नये म्हणून अशीच दुहेरी पट्टी वापरली होती. मोटरीतल्या साधनात ही पट्टी बहुधा लहान बशीसारखी असते. ठराविक तापमान आले की ती ‘टक्’ करून उलटी होते आणि विजेचा मार्ग तुटतो. थंड झाल्यावर पुन्हा ‘टक्’ करून मूळ स्थितीला येते. तिला वीज लागत नाही, हुकूम लागत नाही, ती कोणाची वाट पाहत नाही.

यंत्र तासाभराने पुन्हा सुरू होत होते त्याचे कारण इतके साधे होते. ते बिघडलेले नव्हते. त्याचा पहारेकरी शाबूत होता, आणि त्याला आम्ही पैसे देऊन काढून टाकले.

या पहारेकऱ्याचे काही प्रकार आहेत. एक आपोआप पूर्ववत होणारा, ज्याचे वर्णन केले तो. त्यात एक धोका असा, की यंत्र बंद पडले म्हणून कोणी ब्रशात बोटे घालून गुंता काढीत बसला आणि तेवढ्यात यंत्र सुरू झाले, तर बोटांवर बेतते. म्हणून काही यंत्रांत अशी योजना असते, की प्लग जोवर भिंतीत आहे तोवर एक बारीकसा घटक त्या पट्टीला ऊब देत राहतो आणि ती उलटीच राहते. अशा यंत्राचे बटन दाबून दाबून लोक थकतात आणि यंत्र मेले असे जाहीर करतात. प्लग काढून अर्धा-पाऊण तास ठेवले तर तेच यंत्र जिवंत होते. दुसरा प्रकार एकदाच उपयोगी पडणाऱ्या उष्णता-फ्यूजचा. ठरलेल्या तापमानाला त्याच्यातील एक गोळी वितळते आणि मार्ग कायमचा तुटतो. तो जळाला म्हणजे पहिल्या पहारेकऱ्याकडूनही काही निसटले असा अर्थ होतो. अशा वेळी त्याच मापाचा नवा घटक जाणत्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. तेथे तार जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण, आणि हे वाक्य मी अनुभवाने उच्चारत आहे.

पण पहारेकऱ्यावर पाळी येण्याआधीच संकट टाळावे अशीही सोय चांगल्या यंत्रांत असते. पिशवी आणि मोटर यांच्या दरम्यान एक स्प्रिंगची लहान झडप असते. वाट अडली की आत पोकळी वाढते. सामान्य घरगुती यंत्र तोंड पूर्ण मिटले असता सुमारे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलण्याइतकी ओढ निर्माण करते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. या ओढीने स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि बाहेरची ताजी हवा थेट मोटरीकडे जाते. त्या वेळी शिट्टीसारखा, फुसफुसण्यासारखा आवाज येतो. धूळ ओढली जात नाही, पण मोटर वाचते. हा आवाज ऐकून ती फट चिकटपट्टीने बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. नळीच्या मुठीवर सरकणारी जी खिडकी असते, ती मात्र वेगळी. पडद्यासारखे हलके कापड साफ करताना ओढ कमी करण्यासाठी ती असते.

काही यंत्रांच्या पाठीवर पिशवी भरल्याचे दर्शवणारी लाल खूण असते. तीही पिशवीचे वजन पाहत नाही, वाढलेली ओढच पाहते. त्यामुळे तोंड गालिच्यावर घट्ट टेकलेले असतानाही ती लाल होते. खरी परीक्षा करायची तर तोंड हवेत उचलून, पूर्ण ओढ ठेवून पाहावे. तरीही लाल असेल तर वाट अडलेली आहे. आणि येथे चुन्याची गोष्ट पुन्हा येते. पिशवी अर्धीही भरलेली नसताना वाट अडू शकते. चुना, सिमेंट, प्लास्टर ऑफ पॅरिस, छपाई यंत्राची काळी भुकटी, चुलीची राख, यांचे कण इतके सूक्ष्म, की मूठभर भुकटी सगळी छिद्रे बुजवते. केस आणि कापूस पिशवीभर असले तरी त्यातून हवा जाते. पिशवी हाताला हलकी लागली म्हणून ती मोकळी आहे असे समजू नये. चवथीच्या आधी घरोघरी भिंती खरवडून रंग देतात, त्या खरवडीवर घरगुती धूलिशोषक चालवू नये. आधी केरसुणीने आणि ओल्या फडक्याने खरवड काढावी आणि उरलेल्या धुळीसाठीच यंत्र घ्यावे. देवघरातील अगरबत्तीची राख पूर्ण विझल्याशिवाय तर मुळीच ओढू नये. वाऱ्याने निखारा फुलतो आणि तो कागदाच्या पिशवीत जातो.

ओले आणि कोरडे दोन्ही ओढणारी मोठी यंत्रे पंचायतींनी आणि सभागृहांनी घेतली आहेत. त्यांची रचना निराळी. तेथे ओढलेल्या दमट हवेचा मोटरीशी संबंध येऊ देत नाहीत. मोटरीला तिचा स्वतंत्र लहान पंखा आणि स्वतंत्र खिडक्या असतात. पाणी वर चढले की एक तरंगता चेंडू वाट बंद करतो, म्हणजे पाणी पंख्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हाही आवाज एकदम बारीक होतो. ताबडतोब बटन बंद करून टाकी रिकामी करावी. आपल्या जांभ्या दगडाची तांबडी धूळ या स्वतंत्र खिडक्यांवरही बसते. वरून पुसून घेण्याचे काम दोन मिनिटांचे आहे.

फिरता ब्रश असलेल्या यंत्रात दुसरी छोटी मोटर असते आणि तिचे दुखणे मोठ्या मोटरीच्या नेमके उलट. सुतळी, केस, झालरीचा धागा गुंडाळला गेला की ब्रश अडतो, मोटरही अडते, आणि अडलेली मोटर भरमसाट वीज खेचते. येथे प्रवाह पाहणारी कळ कामाला येते. ती बाहेर उडून येणाऱ्या लहान बटनाच्या रूपात असते. प्लग काढून, गुंता कात्रीने कापून, मगच ते बटन आत दाबावे. अलीकडच्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत आणि घरभर आपोआप फिरणाऱ्या थाळीसारख्या यंत्रांत हे सारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पाहतो; तापमान, प्रवाह, वेग मोजून तो दिवा लावतो, गचके देतो किंवा यंत्र थांबवतो. दिव्याचा अर्थ पुस्तिकेत लिहिलेला असतो आणि ती पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर रद्दीत जाते. कार्यालयात तरी तिची एक प्रत यंत्राच्या नोंदवहीला टाचून ठेवावी.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक शब्द. वॅटचा आकडा मोठा म्हणजे यंत्र बलवान, ही समजूत सोडून द्यावी. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती धूलिशोषकांवर १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तेथील घरे काही अस्वच्छ राहिली नाहीत. वॅट म्हणजे यंत्र खाते ती वीज. तिच्यातला मोठा वाटा उष्णता होऊन मागच्या जाळीतून निघून जातो. निविदा मागवताना उष्णतारक्षक कळ आहे काय आणि पिशव्या व गाळण्या पुढे मिळत राहतील काय, हे आधी विचारावे. पिशव्या मिळत नाहीत म्हणून जुनीच पिशवी झटकून झटकून वापरली जाते, असे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे.

यंत्र थांबले तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. प्लग काढावा. तोंड, दांडा, नळी, पिशवी, गाळणी या क्रमाने पाहत जावे. नळी सुटी करून तिच्यातून एखादे नाणे सोडावे. ते दुसऱ्या टोकाला पडले तर नळी मोकळी. अडले तर झाडूच्या दांड्याचा बोथट शेवट हळूच घालावा, लोखंडी सळई घालू नये, तिने नळी फाटते. धुण्याजोगी गाळणी धुतली तर सावलीत पूर्ण दिवस वाळू द्यावी. पावसाळ्यात दोन दिवस. ओली गाळणी घातली तर धुळीचा चिखल होतो आणि ओल मोटरीत जाते. गाळणी वाळेपर्यंत तिच्यावाचून यंत्र चालवण्याचा मोह आवरावा, कारण मग ती सर्व धूळ पंख्यावर, बेअरिंगमध्ये आणि कार्बन ब्रशांवर जाते. यंत्रात गुंडाळून राहणारी वायर पिवळ्या खुणेपर्यंत बाहेर काढावी. गुंडाळीत राहिलेली वायरही तापते. हे सारे करून पाऊण तासाने यंत्र सुरू झाले आणि पुन्हा थांबले, तर ते दुरुस्तीला द्यावे. थांबू नये अशी दुरुस्ती मात्र मागू नये.

त्या शिपायाबद्दल आपल्याला उत्सुकता असेल. त्याची वसुली परत करण्यासाठी टिपणी मी स्वतः लिहिली. ज्ञापनावर सही करायला मला दोन मिनिटे लागली होती. परतफेड मंजूर व्हायला नऊ महिने लागले. त्याने कधी बोलून दाखवले नाही. निवृत्त होण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने नव्या शिपायाला यंत्राशेजारी उभे केले, नळीच्या तोंडावर तळवा ठेवला आणि आवाज चढताच तळवा काढला. असे त्याने तीनचार वेळा केले. त्याहून चांगले प्रात्यक्षिक मी अद्याप पाहिलेले नाही.

येथे टेबलावर एक चालू यंत्र आहे आणि ताटात ती जळकी मोटर ठेवलेली आहे. तळवा ठेवल्यावर सूर कसा चढतो ते आता ऐकवतो. मागे बसलेल्यांनी पंखे बंद करावेत, म्हणजे नीट ऐकू येईल. त्यानंतर शिक्षकांनी पुढे येऊन मोटर हाताळून पाहावी. काळी पडलेली गुंडाळी डाव्या बाजूला दिसेल, आणि तिच्याशेजारी तो दोन तारांचा जोड अजून तसाच आहे.